एकट्याने कार्यक्रम करताना नवा अरेंजर कीबोर्ड: पहिले दोन महिने

कुडाळचा_सूर

नमस्कार मंडळी. गेली अकरा वर्षं मी एकट्याने कार्यक्रम करतो. ऑक्टोबर ते मार्च गोव्यात हॉटेलं आणि किनाऱ्यावरचे शॅक, एप्रिल-मेमध्ये तळकोकणातली लग्नं आणि हळदी, गणपतीत भजनं. गाणारा मी, वाजवणारा मी, गाडीत सामान चढवणाराही मीच. दोन महिन्यांपूर्वी यामाहाचा पीएसआर-एसएक्स९०० घेतला. मॉडेल २०१९ सालचं, एका कलाकाराने जपून वापरलेलं, पण माझ्यासाठी नवंच. त्यावर आतापर्यंत नऊ कार्यक्रम झाले. कोणाला असा कीबोर्ड घ्यायचा असेल, किंवा ट्रॅक, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेली साथ, सोडून पुन्हा हाताने वाजवायचं मनात असेल, तर उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी घेतला का ते सांगतो. मधली चार वर्षं मी ट्रॅकवर गात होतो. जुन्या कीबोर्डच्या पट्ट्या अडकायला लागल्या होत्या, त्यातला ढोलक पत्र्याच्या डब्यासारखा वाजायचा, आणि पेन ड्राइव्हवरचा ट्रॅक लावला की अख्खा ऑर्केस्ट्रा हजर. हॉटेलवाल्यांची तक्रार नव्हती. मग एका घरगुती कार्यक्रमात, लग्नाचा पन्नासावा वाढदिवस होता, आजोबांनी आजींना गायला उठवलं. आजींचा गळा अजून सुरेल होता. मी ट्रॅक लावला. त्यांनी पहिली ओळ सावकाश घेतली, शेवटच्या सुरावर जरा रेंगाळल्या, तोवर ट्रॅक पुढे निघून गेला. दुसरी ओळ त्यांनी धावत धावत गाठली. तिसऱ्या ओळीला थांबल्या आणि माईक माझ्या हातात दिला. टाळ्या पडल्या, कोणी काही बोललं नाही. पण त्यांच्या गळ्यात गाणं होतं आणि माझ्यामुळे ते बाहेर आलं नाही, हे मला त्या रात्री झोपू देईना. साथीला बसलेल्या माणसाने गाणाऱ्याच्या मागे जायचं असतं. मी तर पेन ड्राइव्ह लावून हात बांधून उभा होतो.

ज्यांना अरेंजर कीबोर्ड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डाव्या हाताने कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे तीन-चार सूर, धरायची. ती ओळखून मशीन ताल, बेस, गिटार, व्हायोलिनं सगळं त्या कॉर्डमध्ये वाजवतं. या साथीच्या साच्याला स्टाइल म्हणतात. एका स्टाइलमध्ये साथीचे आठ भाग असतात, त्यांनाही ट्रॅकच म्हणतात: दोन तालाचे, एक बेसचा, दोन कॉर्डचे, एक पॅड (मागे धरून ठेवलेले सूर), दोन फ्रेझ (सुरांचे छोटे तुकडे). सुरुवातीला इंट्रो, मध्ये चार मेन, त्यांना जोडणारे फिल, एक ब्रेक, शेवटी एंडिंग. यातलं काय कधी यायचं ते वाजवणाऱ्याच्या हातात. गायिका रेंगाळली तर कॉर्ड तशीच धरून ठेवायची, मशीन वाट बघतं. कडवं विसरली तर मुखड्यावर परत यायचं. पेन ड्राइव्हवरचा ट्रॅक आणि अरेंजर यांत फरक आहे तो एवढाच, आणि मला तोच हवा होता.

आता पहिले अनुभव.

वजन साडेअकरा किलो. जुना कीबोर्ड मी दुचाकीवर पाठीला अडकवून न्यायचो, ते आता जमणार नाही. पट्ट्या ६१. पियानो वाजवणाऱ्यांना कमी वाटतील. मला त्या पुरतात, कारण डाव्या हाताचं काम कॉर्डपुरतंच. पट्टी ऑर्गनच्या धर्तीची, हलकी, त्यामुळे तीन तास वाजवून मनगट भरून येत नाही. सात इंची रंगीत टच स्क्रीन आहे आणि मी गाण्यांचे शब्द तिच्यावरच घेतो. फक्त शॅकवर संध्याकाळी पाचचं ऊन समोरून येतं तेव्हा कुठलीच स्क्रीन दिसत नाही. मी काळ्या पुठ्ठ्याचा आडोसा करून घेतलाय.

प्लेलिस्ट आणि रजिस्ट्रेशन ही माझ्या धंद्याची खरी सोय. एका गाण्याची स्टाइल, लय, उजव्या हाताचे आवाज, ट्रान्स्पोज (सगळे सूर एकदम वर किंवा खाली सरकवणं), माईकचा इफेक्ट, सगळं एका बटणात साठवता येतं आणि गाण्याचं नाव यादीत दिसतं. पहिले तीन आठवडे मी कार्यक्रम न करता फक्त हेच भरत बसलो. १४० गाणी झाली आहेत. ज्यांना वाटतं की डबा उघडून दुसऱ्या दिवशी स्टेजवर जाता येईल, त्यांनी हे तीन आठवडे हिशेबात धरावेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, समेचं, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेचं. आपलं गाणं बरेचदा समेवर सुरू होत नाही. कोणी खालीवरून उठतं, कोणी सहाव्या मात्रेवरून. पाहुणे गायला आले की दोन मात्रा खाणार किंवा वाढवणार, हे ठरलेलंच. जुन्या मशीनवर एकदा सम सुटली की पूर्ण आवर्तन, म्हणजे तालाचा फेरा, उलटं चालायचं. यात रीसेट नावाचं बटण आहे. चालू असलेला भाग ते दाबलं की त्याच क्षणी पहिल्या मात्रेवर येतो. परवा हळदीत नवरीची आत्या गात होती. तिने दुसऱ्या कडव्यात बरोबर दोन मात्रा खाल्ल्या. ती जिथे समेवर आली तिथे मी रीसेट दाबला. ढोलक तिच्याबरोबर समेवर आला आणि तिला कळलंसुद्धा नाही. मला मात्र त्या आजी आठवल्या.

दुसरं म्हणजे सिंक स्टॉप. हे चालू ठेवलं तर डावा हात उचलला की साथ थांबते, पुन्हा कॉर्ड धरली की पहिल्या मात्रेपासून सुरू. मुखड्याआधी क्षणभर सगळं थांबवून गाणाऱ्याला एकटं सोडायचं असेल तर याहून सोपी युक्ती नाही. सवय व्हायला मात्र वेळ लागतो, कारण कॉर्ड बदलताना चुकून हात उचलला गेला तर गाणं तिथेच बंद पडतं. दोन कॉर्डच्या मध्ये एक तरी बोट पट्टीवर राहिलं पाहिजे.

मशीनमधल्या स्टाइल्स बहुतेक पाश्चात्त्य वळणाच्या. हॉटेलातल्या इंग्रजी गाण्यांना त्या नेमक्या बसतात. आपल्या केहरवा तालासाठी आणि भजनी ठेक्यासाठी मी स्वतःच्या स्टाइल्स बांधतोय. ते काम मोठं आहे. कोणाला रस असेल तर वेगळं लिहीन.

व्होकल हार्मनी, म्हणजे माझ्या आवाजाला कॉर्डप्रमाणे दोन-तीन आवाज जोडणारी सोय, इंग्रजी गाण्यांत वापरतो. मराठी गाण्यांत मी ती बंद ठेवतो. आपल्या गाण्यात आवाज एकटा असतो तेव्हाच त्यातली हरकत, म्हणजे सुरांचं बारीक वळण, कळते.

प्रश्न विचारा, जमेल तसं उत्तर देतो.

भजनीठेका

छान लिहिलंय दादा. मी सासवडजवळच्या गावात भजनी मंडळात कीबोर्ड वाजवतो. आमच्याकडे पखवाज आणि टाळ असल्यामुळे स्टाइलची गरज नाही, पण मंडळातले दोघं कामासाठी बाहेरगावी गेले की पखवाजाला माणूस मिळत नाही. केहरव्याची स्टाइल कशी बांधलीत ते जरूर लिहा. आणि रूपक, झपताल हे ताल कसे करता?

पेटी_आणि_मी

माझा प्रश्न कॉर्डबद्दल आहे. मी पेटी वाजवते आणि घरी काही मुलींना शिकवते. रागावर बांधलेल्या भावगीताला किंवा अभंगाला मेजर-मायनर कॉर्ड लावली की गाण्याचा जीव जातो असं मला नेहमी वाटतं. गायिका कोमल गंधाराकडे हळुवार जात असते आणि मागून गिटार आधीच गंधार ओरडून मोकळी. तुम्ही यावर काय करता? आणि बारा सुरांच्या समान अंतराचं काय, ज्यामुळे काही सूर गळ्यातल्या सुरापासून जरा हलतात? पेटीलाही तो दोष आहेच, पण मशीनमध्ये काही सोय आहे का?

कुडाळचा_सूर

ताई, अगदी वर्मावर बोट ठेवलंत. यावर मी महिनाभर चाचपडलो. उपाय मशीनमध्येच होता. डाव्या हाताने फक्त सा आणि प धरले, मधला गंधार सोडला, तर मशीन त्याला १+५ असा वेगळा प्रकार म्हणून ओळखतं आणि साथीतले सगळे ट्रॅक गंधार टाळून वाजतात. बेस सा-प मध्ये फिरतो, स्ट्रिंग्ज सा-प धरतात. जवळजवळ तंबोरा मागे ठेवल्यासारखं. गंधार शुद्ध की कोमल, ते गाणाऱ्याच्या गळ्यावर सोपवायचं. नुसता सा वरखाली दोन सप्तकांत धरला तर १+८. पंचम वर्ज्य असलेल्या रागाच्या गाण्याला मी हे वापरतो. अभंग आणि नाट्यगीतांसाठी मी फ्रेझ आणि गिटारचे ट्रॅकही बंद ठेवतो. ताल, बेस आणि बारीक पॅड एवढंच राहतं.

सुरांच्या अंतराची सोय आहे. स्केल ट्यूनमध्ये बाराही सुरांना प्रत्येकी सेंटमध्ये (सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) वरखाली करता येतं, आणि ते रजिस्ट्रेशनमध्ये साठवता येतं. शुद्ध गंधार समान अंतराच्या पेटीवर साधारण १४ सेंट चढा असतो. भूप रागातल्या एका गाण्याला मी तो तेवढा उतरवून ठेवलाय. सा बदलला की ही मांडणीही त्या सा प्रमाणे बदलावी लागते, हे लक्षात ठेवा. ऐकणाऱ्यांना कारण कळलं नसेल, पण त्या गाण्याला गाणारी मुलगी म्हणाली की आज गळा पटकन लागला.

भजनीठेका, केहरवा आठ मात्रांचा, तो चार-चारच्या मोजणीत बसतो. दादरा सहा मात्रांचा, तो सहा-आठच्या मोजणीत. भजनी ठेकाही आठचाच, पण त्याचं वजन वेगळ्या ठिकाणी पडतं, म्हणून केहरव्याची स्टाइल घेऊन लय कमी केली तर ते भजन वाटत नाही. तो नव्याने वाजवून भरला. रूपकाची आणि झपतालाची स्टाइल मी अजून बांधलेली नाही. ती गाणी नुसत्या सा-प च्या पॅडवर, ठेक्याशिवाय गातो. चुकीचा ठेका देण्यापेक्षा ते बरं.

ऑक्टोपॅड_२२

मी बावीस वर्षं ऑक्टोपॅड, म्हणजे काठ्यांनी वाजवायचं आठ चौकोनांचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य, वाजवतोय. आधी ढोलकी आणि काँगो वाजवायचो. रोलँडचा पहिला ऑक्टोपॅड १९८५ चा. आमच्या भागात तो आला तेव्हा ढोलक, तबला, तुंबा वाजवणारे तीन जण घरी बसले आणि त्यांच्या जागी एक माणूस उभा राहिला. तो एक माणूस पुढे मी झालो. आता तुमच्यासारख्यांनी डाव्या हाताच्या तीन बोटांत मलाही बसवलं. पूर्वी ज्या हळदीला आम्ही सहा जण जायचो, तिथे आता एकच कलाकार बोलावतात.

तुमच्यावर राग नाही. तुम्ही मनापासून वाजवता हे लिखाणातून दिसतं. पण हे इथे कोणीतरी बोलायला हवं होतं म्हणून लिहिलं. सहा माणसांचं मानधन एकाला मिळत नाही. ते पैसे आता डेकोरेशनला आणि ड्रोनच्या शूटिंगला जातात.

मडगांवकार

वरचं वाचून एक आठवण सांगावीशी वाटते. अरेंजर हा शब्द आज मशीनला लागतो, पण आमच्या गोव्यात अरेंजर म्हणजे माणूस. हिंदी सिनेमाच्या मोठ्या वाद्यवृंदांत साथीचं लेखन करणारे कितीतरी जण गोंयकार होते. रेइश मागुशचे सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्यासाठी वर्षानुवर्षं अरेंजिंग केलं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस व्हायोलिन वाजवायचे, अरेंजिंग करायचे, आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे शिकले. चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेली ही माणसं. संगीतकाराने पेटीवर चाल ऐकवायची, आणि यांनी रातोरात साठ-सत्तर वादकांचे कागद लिहून काढायचे. कुठलं व्हायोलिन कुठे थांबणार, चेलो चालीच्या उलट कसा जाणार, दोन ओळींच्या मधल्या मोकळ्या जागेत बासरीने काय म्हणायचं, हे सगळं त्या कागदावर.

मशीनमधल्या फ्रेझ ट्रॅकला ते जमत नाही, कारण त्याला शब्द ऐकू येत नाहीत. त्याला फक्त कॉर्ड कळते. म्हणून मी स्वतः एकट्याने वाजवताना एक नियम पाळतो: दोन ओळींच्या मधली जागा मशीनला द्यायची नाही, उजव्या हाताने स्वतः भरायची. तिथेच लोकांना कळतं की समोर कोणीतरी वाजवतंय.

आणखी एक. आमच्या लग्नांत शेवटी मसाला होतो, सगळी कोंकणी गाणी एकामागोमाग एक, सहा-आठमध्ये. दुलपद या आमच्या नाचत्या गाण्याचीही तीच चाल. तयार सहा-आठच्या स्टाइल्स बहुतेक संथ गाण्यांसाठी असतात. त्यांची लय वाढवली तर बॅलड धावत असल्यासारखी वाटते. बेसचा ट्रॅक बदलून पहिल्या आणि चौथ्या ठोक्यावर ठेवा, बाकी गिटार काढून टाका. लगेच पाय हलतात. देव बरें करूं.

कुडाळचा_सूर

मडगांवकार, बेसचं काल रात्रीच करून बघितलं. बरोबर आहे, फरक एका मिनिटात कळला.

ऑक्टोपॅड_२२, दादा, तुमच्या लिहिण्याला उत्तर द्यायला दोन दिवस घेतले. तुम्ही म्हणता ते खरं आहे आणि मी ते नाकारणार नाही. मीसुद्धा चार जणांच्या ग्रुपमध्येच सुरुवात केली होती. तबल्याला होता तो मित्र आता रिक्षा चालवतो. ग्रुप मोडला तेव्हा मला गाणं सोडायचं नव्हतं म्हणून मी एकटा झालो.

आता केहरव्याच्या स्टाइलबद्दल सांगतो, कारण त्याचं उत्तर तुमच्या प्रश्नाशी जोडलेलं आहे. या कीबोर्डमध्ये बाहेरचे आवाज भरायला साधारण एक गीगाबाइट जागा आहे. संगणकावरच्या यामाहा एक्सपान्शन मॅनेजरमधून आपण रेकॉर्ड केलेल्या वेव्ह फाइल्स पट्ट्यांवर लावून स्वतःचं ड्रम किट करता येतं. विकतचे पॅक मिळतात, पण ते ऐकून मला समाधान झालं नाही. आमच्या गावापासून चार किलोमीटरवर दशावतारात आणि भजनात वाजवणारा एक ढोलकीवाला आहे, माझा जुना मित्र. त्याला घरी बोलावलं. सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत आम्ही पंखा बंद करून, खिडक्यांना गोधड्या लावून बसलो. शाईवरचा ना चार जोरांत, किनारीचा वेगळा, उघडा, दाबलेला, थाप, आणि बायावरचा, म्हणजे डाव्या तोंडावरचा, घुमारा. घुमाऱ्यानेच घाम काढला. बायावर मनगट पुढे सरकवून जो घिस्सा येतो तो एका ठोक्याचा आवाज नाहीच, तो चढता सूर आहे. छोटा घिस्सा, लांब घिस्सा, उतरता असे सात वेगवेगळे घेतले आणि सात पट्ट्यांवर ठेवले. मग त्यानेच कीबोर्डच्या पट्ट्यांवर बोटांनी केहरवा वाजवून बघितला, आणि म्हणाला की दोन ठोके इतके एकसारखे आले की कान फसत नाही. म्हणून प्रत्येक ना दोनदा घेऊन आलटून पालटून ठेवला.

मशीनची एक खोड आहे. रेकॉर्ड करताना ठोके आपोआप मोजणीच्या रेषेवर ओढून घेता येतात, त्याला क्वांटाइझ म्हणतात. पहिल्यांदा मी तसं केलं आणि ढोलकी मेली. त्याचा तिसरा ठोका जरासा मागे पडत होता आणि तीच त्याची चाल होती. ते पुसून पुन्हा जसं वाजवलं तसं ठेवलं.

त्या दिवसाचे त्याला मी एका कार्यक्रमाचं मानधन दिलं. आणि आमचं ठरलंय की जिथे आयोजकाचं बजेट दोन माणसांचं आहे तिथे मी तालाचे दोन्ही ट्रॅक बंद करतो आणि तो समोर बसतो. गेल्या नऊपैकी तीन कार्यक्रमांत तो होता. बेस आणि स्ट्रिंग्ज मशीनच्या, ताल त्याचा. यात एक अडचण आहे ती लिहितो: मशीनची लय हलत नाही, आणि तो गाण्याच्या भरात चढतो. म्हणून त्याच्या कानात फक्त बेसचा आवाज देतो. क्लिक, म्हणजे लय मोजणारी टिकटिक, नको म्हणाला, बेसवर बसतो म्हणाला, आणि बसला.

तुमच्या बावीस वर्षांचं उत्तर यात नाही, मला माहीत आहे.

ऑक्टोपॅड_२२

ठोका मागे पडतो तो तसाच ठेवलात, हे वाचून बरं वाटलं. बाकी काही म्हणणं नाही. तालाचे ट्रॅक बंद करून माणूस बसवायचा हे आयोजकांना सांगा मात्र, दोन दर सांगा. आमच्याकडे आयोजकाला असा पर्याय आहे हेच माहीत नसतं.

सोल्डरवाला

मी दुरुस्तीचं काम करतो, किनारपट्टीवरचे कीबोर्ड भरपूर येतात म्हणून लिहितो. कुठल्याही कंपनीचा असो, दोष सहसा एकच. प्रत्येक पट्टीखाली रबराची घुमटी असते, तिच्या आत कार्बनचे दोन टिकले. पट्टी दाबली की आधी एक टेकतो, मग दुसरा. मधल्या वेळावरून मशीनला कळतं तुम्ही जोरात मारलं की हळू. त्यावर खारट दमट हवेचा थर किंवा धूळ बसली की पहिला टेकतो आणि दुसरा टेकत नाही, किंवा वेळ चुकते. मग हळू वाजवलेला सूर अचानक किंचाळतो नाहीतर मुका राहतो. लोकांना वाटतं बोर्ड गेला. बहुतेक वेळा साफसफाईत काम होतं.

कार्यक्रम संपला की एसी हॉलमधून गरम ओल्या हवेत आणून लगेच बॅगेत बंद करू नका, आत पाणी धरतं. अर्धा तास उघडा ठेवा. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या दर महिन्याला बदला किंवा तव्यावर हलक्या गरम करून घ्या. पट्ट्यांवर ओलं फडकं कधी नको.

दुसरं विजेचं. लग्नघरात बरेचदा जनरेटर आणि मंडपाच्या लाइटिंगचा फेज एकच असतो. माईकवर किंवा कीबोर्डच्या धातूच्या जॅकवर मुंग्या आल्या तर कार्यक्रम थांबवा, अर्थिंग तपासा. मुंग्या येणं म्हणजे सूचना आहे, सवय करून घ्यायची गोष्ट नाही.

कुडाळचा_सूर

सोल्डरवाले काका, मनापासून आभार. विजेचा अनुभव दुसऱ्याच कार्यक्रमात आला. गाणं रंगात असताना वीज गेली, जनरेटर सुरू व्हायला दहा सेकंद, पण कीबोर्ड पुन्हा चालू होऊन यादी उघडून गाण्यावर यायला त्याहून कितीतरी जास्त वेळ गेला. या कीबोर्डला आत बॅटरी नाही. दुसऱ्या दिवशी संगणकाचा छोटा यूपीएस घेतला. कीबोर्ड आणि मिक्सर दोन्ही त्यावर.

त्याच रात्री आणखी एक ठरवलं. कीबोर्डला माईकची जागा आहे, त्यातला रिव्हर्ब (आवाजाची गुंज) चांगला आहे, तरी माझा मुख्य माईक मी मिक्सरवर वेगळा घेतो. कीबोर्ड बंद पडला तर निदान गळा चालू राहिला पाहिजे. अंधारात लोकांशी बोलायला तोच एक उरतो.

एडिसनकर

आम्ही न्यू जर्सीत गणपतीच्या दहा दिवसांत घरोघरी आरतीला जातो. आमच्याकडे वादक म्हणजे नोकरी करणारे लोक, कोणाला शुक्रवारी जमतं, कोणाला नाही. म्हणून अरेंजर घ्यायचा विचार आहे. दोन प्रश्न. आरतीला लय सतत वाढत जाते, शेवटी तर दुप्पट होते. हे मशीनवर कसं सांभाळता? आणि आमच्या बायका पेटीच्या काळी चार-पाच या पट्टीला गातात, पुरुष काळी एकला, एकाच आरतीत दोन्ही. ट्रान्स्पोजचं बटण वापरावं की हाताने सूर बदलावा?

कुडाळचा_सूर

आरतीसाठी स्टाइल लावूच नका असं माझं स्पष्ट मत आहे. टाळ्या, झांजा आणि लोकांचा उत्साह यांची लय मशीनने ठरवू नये. टॅप टेम्पोने, म्हणजे बटणावर ठोके देऊन, लय पुन्हा पुन्हा पकडून बघितली, पण लोक प्रत्येक कडव्याला पुढे जातात आणि आपण कायम एक पाऊल मागे. तालाचे ट्रॅक बंद करा, उजव्या हाताने पेटीचा आवाज लावून चाल वाजवा, डाव्या हाताने सा-प धरा. झांज लहान मुलांच्या हातात द्या.

सूर बदलायचं म्हणाल तर, सी मध्ये बसवलेलं गाणं काळी चारला न्यायला ट्रान्स्पोज अधिक ८ किंवा उणे ४ करावा लागतो. उणे ४ करा, म्हणजे उजव्या हाताचा आवाज फार पातळ होत नाही. पण गाणं चालू असताना ट्रान्स्पोज बदलायच्या फंदात पडू नका. मी एकदा केलं आणि बेस एका सुरात, मी दुसऱ्या सुरात अशी अवस्था झाली. एकाच आरतीत दोन्ही हवे असतील तर काळी एक आणि काळी चार दोन्हीकडे वाजवायचा सराव हाताला करून घ्या. माझे पेटीचे गुरुजी ट्रान्स्पोज असलेल्या पेटीला हातच लावू देत नसत. तेव्हा मला ते अति वाटायचं. आता प्रत्येक कार्यक्रमात त्यांचे आभार मानतो.

अ‍ॅडाप्टर इथून नेणार असाल तर त्यावर छापलेलं इनपुट व्होल्टेज आधी वाचा.

पेटी_आणि_मी

१+५ ची युक्ती माझ्या विद्यार्थिनीच्या भावाच्या कीबोर्डवर करून बघितली. दुसऱ्या कंपनीचा आहे, तरी चालली. मुलीने पूर्ण अभंग डोळे मिटून म्हटला. नेहमी ती मागच्या गिटारकडे बघत बघत गाते.

तुमच्या केहरव्याच्या आणि भजनी ठेक्याच्या स्टाइल्स इथे देता येतील का? बऱ्याच जणांना उपयोग होईल.

भजनीठेका

मीही हेच विचारणार होतो.

कुडाळचा_सूर

स्टाइल माझी आहे, पण आतले आवाज ढोलकीवाल्या मित्राचे आहेत. त्याला विचारून सांगतो.

कुडाळचा_सूर

विचारलं. काल त्याच्या अंगणात बसून बोलणं झालं. ठोक्यांची मांडणी द्यायला त्याची हरकत नाही, उलट त्याने भजनी ठेक्याचा एक बोल बदलून दिला. आवाज मात्र देऊ नकोस म्हणाला. माझी ढोलकी माझ्या हातची आहे, ती कुठल्या गावात कोण कसली गाणी वाजवायला लावेल ते मला कळणार नाही, असं त्याचं म्हणणं. मला ते पटलं. तेव्हा स्टाइलच्या फाइल्स देतो, आवाजाशिवाय. लावल्यावर तालाचा ट्रॅक मुका राहील किंवा भलताच काहीतरी वाजेल. तुमच्याकडच्या ढोलकच्या किटला जोडून घ्या. पट्ट्यांची यादी सोबत देतोय: कुठल्या पट्टीवर ना, कुठल्यावर थाप, आणि घिश्शाच्या सात पट्ट्या कुठल्या.

भजनीठेका, तुमच्याकडे तर पखवाज वाजवणारे आहेत. ते बाहेरगावी जायच्या आधी एक दिवस त्यांना बसवा आणि त्यांचेच बोल भरून घ्या. फक्त पंखा बंद ठेवा, आणि धुमाकडे, म्हणजे पखवाजाच्या डाव्या बाजूला, माईक वीतभर तरी लांब धरा, नाहीतर नुसता वाऱ्याचा धक्का रेकॉर्ड होतो.

भजनीठेका

एकादशीला सगळे गावात असतात. तेव्हाच करतो. धुमाला कणीक ताजी लावून घ्यायला सांगतो.